डावा कौल

"तुमच्या कादंबरीत कारापूरची सगळी माणसं राक्षस आणि पेडण्याची सगळी देव. अशी गावं मी अजून पाहिलेली नाहीत."

सावंतवाडीतल्या आपल्या पडवीत बसून त्या गृहस्थांनी मला हे ऐकवलं आणि हस्तलिखिताचं बाड माझ्याकडे सरकवलं. पुण्याच्या दोन-तीन प्रकाशकांकडे नव्या लेखकांची हस्तलिखितं तेच पोचवत. आधी स्वतः वाचत, पसंत पडलं तरच पुढे नेत, आणि त्यांनी नेलेलं सहसा परत येत नसे. माघारी लोक त्यांना पुस्तकांचा दलाल म्हणत आणि तोंडावर सर. वर्षातून दोन-चारदा ते वाडीच्या घरी येऊन राहत. मी डिचोलीच्या एका मराठी शाळेत मास्तरीण होते, लग्न केलेलं नव्हतं, कादंबरी पहिलीच होती, आणि ती नाकारली जाईल असं माझ्या मनातही आलं नव्हतं.

"बरं, मला हे सांगा," ते म्हणाले, "नवरा न्यायला आला तेव्हा ही तुमची बाई कुठे होती?"

"आत होती."

"आत म्हणजे?"

"स्वयंपाकघरात."

"काय करत होती?"

हे मी लिहिलं नव्हतं. खरं म्हणजे मनातही आणलं नव्हतं. "रडत असेल," मी म्हणाले.

"असेल? लेखिकेलाच माहीत नाही, तर मी प्रकाशकाला काय सांगू?"

माझं डोकं फिरलं. पुढ्यात आलेला चहा तसाच ठेवून मी उठले. फाटकापर्यंत ते सोडायला आले आणि म्हणाले, "एक हस्तलिखित मी दोनदा वाचत नाही. तुमचं वाचेन, कारण त्या बाईत काहीतरी आहे. पण तिसऱ्यांदा नाही, हे लक्षात ठेवा." बांद्यापर्यंत बसमध्ये मी मनातल्या मनात त्यांना अशी चोख उत्तरं दिली की तेवढीच कादंबरीत असती तर त्यांनी ती हसत नेली असती. पत्रादेवीचा नाका ओलांडून गोव्यात शिरेपर्यंत राग ओसरला आणि मग नुसतं रडू येत राहिलं.

ती बाई म्हणजे माझी आते, बाबांची सख्खी बहीण. आमचं घर पेडण्याजवळच्या एका गावात, आणि घरात माणसं चार: बाबा, आई, आते आणि शनिवार-रविवारी मी. आते कारापूरला दिली होती, पोर्तुगीज अजून इथे होते तेव्हा. लग्नाला वर्ष व्हायच्या आत ती परत आली ती कायमची. सासरची माणसं वाईट, एवढंच मला लहानपणापासून सांगितलेलं होतं, आणि मी तेच तीनशे पानं फुगवून लिहिलं होतं. आता कुणाला वाटेल, आते म्हणजे कोपऱ्यात बसून उसासे टाकणारी बाई. छे! काजूच्या दिवसांत अख्खी बाग तिच्या शब्दावर चाले. केरीहून मासे घेऊन येणारी बाई आमच्या पायरीवर पाटी उतरवायच्या आधी आतेचा चेहरा बघून घेई, कारण बांगडा मऊ निघाला तर आते तिच्या सात पिढ्यांची उजळणी करी. फक्त कारापूर हा शब्द घरात निघाला की ती उठून परसात जाई. त्यामुळे तो शब्द निघतच नसे.

वाडीहून परत आल्यावर मी आईला गाठलं. आई या घरात आली त्याच्या खूप आधीचं हे सगळं, पण आजीने तिला सांगितलं होतं. ती म्हणाली, सासरचे वाईट नव्हते. भांडण झालं ते वज्यावरून. मुलीच्या लग्नानंतरच्या पहिल्या चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, माहेरून सासरी नेवऱ्या म्हणजे करंज्या, लाडू, फळं यांनी भरलेली पाटी जाते, तिला आमच्याकडे वजें म्हणतात. आजोबा ते घेऊन स्वतः कारापूरला गेले. वजें ओसरीवर उतरवलं आणि दुपार उलटली तरी कुणी उचलून आत नेलं नाही. त्या घरी म्हणे गाय व्यायला अडली होती आणि घरातलं झाडून सगळं माणूस गोठ्यात होतं. हे आजोबांना नंतर कळलं, पण तोवर त्यांचा अपमान होऊन गेला होता आणि झालेला अपमान परत घ्यायची आमच्या घराण्यात पद्धत नाही. चार दिवसांसाठी नेतो असं सांगून ते मुलीला घेऊन आले. मग नवरा न्यायला आला. एकदा आला, दोनदा आला, पुन्हा आला. आजोबा बाहेरच येत नसत. माझे बाबा तेव्हा मिसरूड फुटायच्या वयाचे, त्यांना पायरीवर उभं करून नाही म्हणायला लावत. शेवटी गावात चर्चा व्हायला लागली तेव्हा आजोबांनी देवाला कौल लावला: पोरीला पाठवू की नको; मूर्तीला चिकटवलेली उजवी पाकळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नको. डावी पाकळी पडली. देवानेच नको म्हटलं, विषय संपला.

"आणि आते?" मी विचारलं.

"आते किदें? दाराआड रडत आसतली," आई म्हणाली.

मी पेटून उठले. माझ्याच घराने हे केलं आणि मलाच खोटं सांगितलं! मेच्या सुट्टीत मी सगळी कादंबरी पुन्हा लिहून काढली. या खेपेला कारापूरची माणसं साधीभोळी झाली आणि पेडण्याची माणसं दगडाच्या काळजाची. थोडक्यात, राक्षसांची बदली कारापूरहून पेडण्याला झाली एवढाच काय तो फरक, पण तेव्हा मला तो फार मोठा वाटत होता. स्वयंपाकघराचा एक आख्खा प्रसंग मी नवा लिहिला, त्यात आते दाराआड उभी राहून पदर तोंडात कोंबून रडते. तो लिहिताना मी स्वतः रडले, म्हणजे तो चांगलाच असणार असा माझा हिशेब.

गोव्यात तेव्हा राजभाषा कोकणी की मराठी यावरून डोकी फुटत होती. भिंती रंगलेल्या, रस्त्यांवर झाडं आडवी पडलेली, शाळेत मास्तरांच्या खोलीत मी शिरले की बोलणं थांबायचं किंवा मी बोलायला लागले की कुणीतरी उठून जायचं. आमच्या घरी बोलणं एका भाषेत, वाचणं-लिहिणं दुसऱ्या भाषेत आणि भांडण दोन्ही भाषांत चाले, त्यामुळे आम्हांला बाजू घेणं जड जाई. मी मात्र त्या सुट्टीत पडवीत मान खाली घालून लिहीत होते. आते काजूच्या बिया वाळत घालता घालता विचारी, "किदें बरयता गो इतलें?" लिहिण्याला आम्ही बरोवप म्हणतो. "शाळेचें," मी म्हणायची. ती मान हलवून पुढे जाई. आतेला वाचता येत होतं, श्रावणात पोथी तीच वाचायची. हे मला माहीत असून मी कागद पडवीतल्या बाकावर टाकून आंघोळीला जात होते.

जुलैत त्या गृहस्थांचं पत्र आलं. वाडीत आहे, सोमवारी सकाळी पुण्याला जाणार, पुन्हा दिवाळीनंतरच येईन. रविवारी संध्याकाळपर्यंत स्वतः आणून द्या, पोस्टाने आलेलं ढिगात पडतं. मी ते पत्र शनिवारी डिचोलीच्या खोलीवर वाचलं आणि तशीच बाड घेऊन घर गाठलं. सोमवारपासून पुन्हा रस्ते अडवणार अशी बातमी बसमध्ये प्रत्येकाच्या तोंडी होती. रविवारीही फक्त सकाळची बस नक्की, नंतरचा भरवसा नाही, असं कंडक्टर म्हणाला.

जेवताना मी घरात सांगितलं की उद्या वाडीला जायचंय, पुस्तक द्यायला. बाबांनी हातातला घास खाली ठेवला.

"पयलें धाडलें तेन्ना देवाक विचारिल्लें?"

"ना."

"म्हणूनच परत आयलें. फाल्यां सकाळीं प्रसाद लावून घेवया. मागीर वच."

आईने लगेच री ओढली. प्रसाद लावणं म्हणजेच कौल. कौलाला माझी हरकत नव्हती, लहानपणापासून म्हैस विकायची असो की विहीर खणायची, आमच्या घरात देवाला विचारल्याशिवाय पान हलत नसे. पण कौल गुपचूप लागत नाही. आधी गुरव गाऱ्हाणं घालतो, मोठ्याने, सगळ्यांच्या देखत, आणि काय विचारायचं आहे ते त्यात स्वच्छ सांगावं लागतं. जमलेल्यांनी प्रत्येक वाक्यावर 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, म्हणजे आम्हांला हे मान्य आहे. बाबांना पुस्तकात काय आहे याचा पत्ता नव्हता. आतेला तर नव्हताच, असं मी समजत होते. छापून आल्यावर बघू, तेव्हाचं तेव्हा, असं मी ठरवून टाकलं होतं. आणि आता उद्या सकाळी देवासमोर, दोघांच्या मधे उभं राहून, मला सांगावं लागणार होतं की मी कुणाची गोष्ट लिहिली आहे. त्या रात्री मला धड झोप लागली नाही.

सकाळी देवळात आम्ही चौघंच होतो. नुकताच पाऊस थांबला होता आणि गुरव अंग पुसत आला, त्याला घाई होती, दुसऱ्या वाड्यावर त्याचं काम होतं. त्याने मूर्तीला पाणी घातलं, ओल्या पाकळ्या उजव्या-डाव्या अंगाला चिकटवल्या आणि माझ्याकडे न बघता बाबांना विचारलं, "कसलें काम?"

"पुस्तक," बाबा म्हणाले. "पुण्याक धाडपाचें. धाडूं काय नाका तें विचारूया."

"कसलें पुस्तक?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "काणी," म्हणजे गोष्ट.

"कोणाची? राजाची, राणयेची?" गुरव हसला नाही. "देवाक अर्धें सांगून चलना बाय. नंतर तुमीच म्हणतले कौल फळलो नाय."

 बाहेर रस्त्यावर काही वाजलं की मला बसच वाटे. खोटं बोलायचा विचार मी केला नाही असं नाही, तोंडाशी 'राणयेची' हा शब्द आलाही होता. पण ज्या देवळात लहानपणी उंबऱ्यावर पाय पडेल म्हणून पावलं जपून टाकली तिथे तो बाहेर पडेना. आते खांबाला टेकून उभी होती, हातात नारळ. मी तिच्याकडे बघायचं टाळून म्हणाले, "आमच्या घरची."

बाबांची मान गर्रकन वळली. गुरवाला त्याचं काही नव्हतं, त्याने हात जोडून सुरुवात केली. "हे बारा गांवच्या देवा म्हाराजा! आज हें लेकरू तुज्या पांयांकडे आयलां."

"व्हय म्हाराजा," आई म्हणाली. बाबाही पुटपुटले.

"तेणें आपल्या घरची काणी बरयल्या, ती पुण्याक धाडूंक सोदता."

"व्हय म्हाराजा." या खेपेला फक्त आईचा आवाज.

"धाडची जाल्यार उजवी दी, धाडची नाय जाल्यार डावी दी. आणि कोणाच्या मनांत कांय वंगाळ आसत तर तें दूर कर."

आईनेही आवाज गिळला. मी बाबांकडे बघत होते, बाबा पाकळ्यांकडे, आणि आते माझ्याकडे. एवढं मला डोळ्यांच्या कोपऱ्यातून कळत होतं.

पाकळ्या पडायला कधी क्षण लागतो, कधी घटका. त्या दिवशी त्या हलेचनात. गाभाऱ्यात ठिबकणाऱ्या पाण्याचा आवाज येत होता. मी मनात म्हणत होते, पड, उजवी पड, मला बस गाठायची आहे. मग म्हणाले, कुठली का असेना, पण पड. बाबांच्या कपाळावरची शीर उडत होती. त्यांना कळलं होतं. घरची काणी म्हटल्यावर आमच्या घरात दुसरी कुठली काणी होती?

डावी पाकळी सुटली आणि मूर्तीच्या पायाशी पडली.

"डावी," गुरव म्हणाला आणि पळी उचलून कामाला लागला.

बाबांनी सोडलेला श्वास मला ऐकू आला. "जालें," ते म्हणाले. "चल घरा."

मला इतका राग आला की देवळात आहे याचंही भान राहिलं नाही. पिशवी खांद्याला मारली आणि म्हणाले, "हांव वतां. बस चुकतली."

"डावी पडली न्हय?"

"त्या वेळारूय डावीच पडिल्ली न्हय, बाबा? आतेक धाडूं काय नाका म्हणून विचारिल्लें तेन्ना?"

एवढी वर्षं कुणी न उच्चारलेली गोष्ट मी उच्चारली. आईने तोंडावर हात ठेवला. बाबा मला मारतील असं क्षणभर वाटलं, त्यांनी मला कधी बोटही लावलेलं नव्हतं. पण ते मटकन पायरीवर बसले. साठीच्या घरातला उंचापुरा माणूस, पण असा बसला की घराच्या पायरीवर नाही म्हणायला उभा केलेला तो मुलगा मला पहिल्यांदा दिसला. मला वाईट वाटलं. तरी थांबायला वेळ नव्हता आणि थांबले असते तर गेलेच नसते, हे मला माहीत होतं. मी चपला चढवून चालू पडले.

सडकेपर्यंतची वाट शेतांमधून जाते. बांधावरून अर्ध्यात आले तेव्हा मागे पावलं वाजली. आते येत होती, नारळ अजून तिच्या हातातच.

"तूं कित्याक आयलें?"

"पावसाची एकटी खंय वता? चल."

ती पुढे, मी मागे अशा आम्ही सडकेवर आलो. थांब्यावर कुणी नव्हतं. आते दगडावर बसली. मी उभीच होते, पिशवी छातीशी धरून. बस आली की सुटले, एवढंच डोक्यात होतं. तिने काही विचारायच्या आत बस यावी असं मला वाटत होतं, आणि तिने विचारावं असंही वाटत होतं.

"तुज्या पुस्तकांत हांव रडटां," आते म्हणाली.

 "तुवें वाचलें?"

"तूं न्हावपाक गेल्लें तेन्ना. रोज चार-पांच पानां. बरें बरयलां तुवें. बापूय तर सामको बापूयच म्हजो, तोच आवाज." बापूय म्हणजे वडील, माझे आजोबा. ती नारळाच्या शेंड्या उपटत होती. "पूण हांव रडलें नाय."

"मगे किदें करतालें?"

"पोळे काडटालें." घावनाला आम्ही पोळे म्हणतो. "तो भायर बसला म्हणून आयकलें, हात थांबनात. पीठ सोंपलें तेन्ना कळ्ळें. सगळ्या घराक पुरून म्हशीक घातले. आई म्हजेर तापली, तांदूळ कित्याक इबाडले म्हणून."

मला हसू आलं आणि हसताना लाज वाटली. मग माझ्या लक्षात आलं की वाडीच्या त्या पडवीत मला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर हे होतं. इतकी वर्षं ते माझ्यासोबत एका छपराखाली जेवत होतं, आणि मी ते आईला विचारत फिरले.

"तीन फावटीं आयलो म्हणून बरयलां तुवें," आते म्हणाली. "आनीक एकदां आयलो. तें घरांत कोणाक खबर नाय. तुज्या बापायकूय."

तेवढ्यात वळणावर हॉर्न वाजला. बस येत होती, भरलेली, टपावर पोती आणि दारात माणसं लटकलेली. संध्याकाळपर्यंत दुसरी मिळेल याची खात्री नव्हती. सोमवारी रस्ते बंद, सोमवारीच ते गृहस्थ पुण्याला, आणि तिसऱ्यांदा वाचणार नाही असं त्यांनी फाटकात उभं राहून सांगितलेलं. पिशवीत माझं वर्षभराचं काम होतं, दुसरी प्रत नव्हती. त्यातला स्वयंपाकघराचा प्रसंग खोटा आहे हे मला आत्ताच कळलं होतं. द्यावं तसंच, असं मला वाटून गेलं. पुण्याच्या माणसाला काय कळणार पोळे आणि रडणं यातलं? एकदा छापून तर येऊ दे.

"बस आयली," आते म्हणाली. तिने माझी पिशवी सावरूनही दिली. "वच. दी ताका. हांव किदें म्हणना."

बस थांबली. कंडक्टर ओरडला, "वाडी, बांदा, वाडी!" मी पायरीवर एक पाय ठेवला. आते रस्त्याच्या कडेला उभी होती, उन्हाची तिरीप पडली म्हणून तिने डोळ्यांवर हात धरला होता. जे कुणालाच माहीत नाही ते ती सांगायला निघाली होती, आणि सांगायच्या आधीच ती मला निरोप देत होती. मी पाय खाली घेतला. कंडक्टरने मला दोन शेलक्या शिव्या दिल्या आणि घंटी मारली.

बस गेली. मला रडू फुटलं, आणि ते आतेसाठी नव्हतं, कादंबरीसाठी होतं. हे तिलाही कळलं असणार. ती दगडावर सरकून बसली आणि मला शेजारी जागा केली.

"सांग," मी म्हणाले.

ती सांगू लागली. डावा कौल लागल्याची बातमी कारापूरला गेली त्यानंतर तो आला. घरी नाही आला. ती व्हाळावर कपडे धुवायला गेली होती तिथे, जांभळीखाली उभा होता. पहाटे निघून नदी तरीने ओलांडून, उरलेलं चालत आलेला, गुडघ्यापर्यंत चिखल. म्हणाला, चल, आत्ताच, कुणाला सांगू नको.

"हांवें ताका विचारलें," आते म्हणाली, "तुमी म्हज्या बापायक विचारलें, म्हज्या भावाक विचारलें, देवाक विचारलें तेंय आयकलें. माका कोणे विचारलें? तो म्हणालो, आतां विचारतां न्हय? हांव म्हणालें, आतां ना."

"आणि?"

"आणि किदें? व्हाळांत तोंड धुलें तेणें. गेलो. मागीर दुसरें लग्न केलें, तीन भुरगीं जालीं. बरो आशिल्लो तो."

"वाईट वाटतं?" मी विचारलं. का कुणास ठाऊक, मराठीतच विचारलं, पुस्तकातल्यासारखं.

"चवथीक," ती म्हणाली. "नेवऱ्यो तळटां तेन्ना."

मी तिच्याकडे बघत राहिले. दोन वेळा मी तिच्यावर तीन-तीनशे पानं लिहिली होती. पहिल्या खेपेला सासरच्यांनी तिला छळलं, दुसऱ्या खेपेला माहेरच्यांनी. दोन्हीकडे ती दाराआड होती आणि जे करायचं ते दुसरे करत होते. व्हाळावर उभी राहून नाही म्हणणारी ही वीस वर्षांची मुलगी कुणाच्याच गोष्टीत नव्हती. आणि ती नसण्यात आजोबा, बाबा, देव, कारापूरचा तो नवरा या सगळ्यांच्या रांगेत शेवटची मी उभी होते. वर मी तिच्या नावाने रडलेही होते.

सडकेवरून एक खनिजाचा रिकामा ट्रक गेला, मग काहीच नाही. देवळात बाबा अजून त्या पायरीवर असतील की उठले असतील, असं मनात येत होतं. वाडीला ते गृहस्थ संध्याकाळपर्यंत वाट बघतील आणि मग बॅग भरतील. मला एकच विचारायचं होतं आणि त्याची मला भीती वाटत होती, कारण उशिरा विचारणाऱ्याला तिने काय उत्तर दिलं ते मी आत्ताच ऐकलं होतं.

"आते," मी म्हणाले, "हें हांव बरयलें जाल्यार चलता?"

तिने माझ्याकडे पाहिलं. इतका वेळ पाहिलं की मी नजर खाली घेतली.

"आतां विचारता तूं," ती म्हणाली.

"हय."

आते उठली, लुगड्याला लागलेली माती झटकली आणि घराच्या वाटेला लागली. चार पावलं जाऊन ती थांबली.

"तेन्ना हांव वीस वर्सांचें आशिल्लें," ती मागे न बघता म्हणाली. "राग परवडटालो. आतां परवडना. बरय."